तीनदा मोजणारी आरुपे

आरुपेला सगळे ‘तीनदा मोजणारी’ म्हणत, आणि त्यात कौतुक कमी, वैताग जास्त होता. सोनोग्राफीसाठी पोटाला जेल फासून झोपलेल्या माणसाला एकदा बघून मोकळं करावं, तर ही बाई दुसऱ्यांदा मोजणार, मग त्याला कुशीवर वळवून तिसऱ्यांदा. तोवर मशीनची बॅटरी टेकीला आलेली असे, ड्रायव्हर एपेमने गाडीचं दार दोनदा आपटलेलं असे, आणि झाडाखाली रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या तिचा सात पिढ्यांसकट उद्धार करत असत. आरुपे ऐकून घेई आणि पुन्हा मोजत असे.

याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी एका उंटवाल्याच्या लिव्हरमध्ये ऑपरेशननंतर उरलेला खळगा तिने बघितला, एकदाच मोजला, आणि ‘पाणी आहे, सुकेल’ म्हणून त्याला घरी पाठवलं. पाणी नव्हतं, पू होता. अठराव्या दिवशी माणूस गेला. त्याच्या बायकोने आरुपेला एका शब्दाने बोल लावला नाही, उलट दुधाने भरलेलं भोपळ्याचं भांडं पुढे केलं. ते दूध आरुपेला अजून गिळता आलेलं नाही.

आमच्या तुर्कानाच्या कोरड्या मुलखात बाईचं पोट वाढलेलं दिसलं की लोकांच्या मनात दोनच गोष्टी येतात, मूल नाहीतर पाण्याची गाठ. पुरुषाचं वाढलं तर शंकेलाही जागा नाही. ही गाठ कुत्र्याच्या पोटातल्या किड्याच्या अंड्यातून येते, माणसाच्या तोंडावाटे आत जाते आणि लिव्हरमध्ये बसून वर्षानुवर्षं पाण्याने भरत राहते. आणि कुत्रीशिवाय आमचं चालत नाही, कारण ती घरातली दाई असते. बाळाने घाण केली की कुत्रीला हाक मारायची, ती चाटून लख्ख करते. प्यायला पाणी आणायचं म्हणजे अर्धा दिवस चालावं लागतं, तिथे धुवायला कुठून आणणार?

आरुपे अशाच वस्तीत वाढलेली. लहानपणी बोकड कापला की कलेजी उचलून नेण्याचं काम तिचं, त्यामुळे चांगली कलेजी कोणती आणि पाण्याच्या पिशव्या धरलेली कोणती, हे तिला बोटांनी कळायचं. पुढे मिशनच्या हॉस्पिटलात झाडलोट करताना एका म्हाताऱ्या सर्जनच्या हे लक्षात आलं. त्याने बादलीभर पाण्यात बोकडाची कलेजी सोडली, आरुपेच्या हातात सोनोग्राफीच्या मशीनची मूठ दिली आणि म्हणाला, “आता डोळ्यांनी शोध.” तिला सापडलं. त्याला सोळा वर्षं झाली. सोळा वर्षं ती मशीन गाडीत घालून वस्त्यावस्त्यांवर जाते. ऑपरेशन झालेली माणसं परत हॉस्पिटलात येत नाहीत, जनावरांमागे निघून जातात, म्हणून हीच त्यांच्या मागे जाते. वरची जखम कुणालाही दिसते. आतली भरतेय की नाही, हे बघायला आरुपे लागते.

नामोनीच्या वस्तीवर ती पोचली तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. नामोनीच्या ऑपरेशनला वर्ष झालं होतं. मिशनच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मुतुआंनी तिच्या लिव्हरमधून दुधाच्या भोपळ्याएवढी गाठ काढली होती. मागे राहिलेला खळगा महिन्याने सहा सेंटिमीटर होता, तीन महिन्यांनी चार, सहा महिन्यांनी दोन. आज शेवटची तपासणी होती. आज ‘जा बाई, आता माझं तोंड बघू नकोस’ म्हणायचं आणि कार्डावर रेघ मारायची, एवढंच काम होतं. अशा दिवसाची आरुपे वाट बघत असे.

पण वस्तीवर झोपड्या मोडणं चाललं होतं. गाढवांवर कातडी लादली जात होती. नामोनीचा नवरा लोपेयोक आपल्या लाकडी बैठकीवर बसून सगळ्यांना हुकूम सोडत होता.

“ताई, लवकर आटप,” तो म्हणाला. “उद्या पहाटे डोंगरापलीकडे निघायचंय. गवत आलंय म्हणे. तिची हाडं मोजत बसू नकोस.”

“हाडं नाही, लिव्हर.”

“तेच ते. आधी तंबाखू काढ.”

त्याच्या आईने न बोलता हात पुढे केला. आरुपेने दोघांनाही चिमूट चिमूट दिली. “डोंगरापलीकडे गाडी येत नाही,” ती म्हणाली. “परत कधी?”

“पाऊस सांगेल. पाच महिने, सहा महिने. आणि काळजी कशाची करतेस? परवा बोकड कापला, जाणत्याने आतडं वाचून शकुन सांगितला. रस्ता मोकळा आहे आणि बायको बरी आहे.”

“मग मी कशाला आले?”

“तंबाखू द्यायला,” म्हातारी म्हणाली, आणि सगळे हसले. आरुपेही हसली.

बाभळीखाली कातडं अंथरून नामोनी आडवी झाली. तिने गळ्यातल्या मण्यांच्या माळा हनुवटीपर्यंत वर सारल्या. दीड वर्षाची अपुआ तिच्या डोक्याशी बसून तिचे कान ओढत होती. उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून आरुपेने आपल्या आणि मशीनच्या डोक्यावरून घोंगडी ओढली. घोंगडीतल्या अंधारात लिव्हर उगवलं, करडं, सारखं, शांत. जिथे खळगा होता तिथे आता नुसती एक पांढरी सुरकुती उरली होती. आरुपेला इतका आनंद झाला की शब्द ओठांवर आले. पण सवय म्हणून ती म्हणाली, “मोठा श्वास घे. धर.”

श्वासाबरोबर लिव्हर बरगड्यांखालून खाली सरकलं, आणि त्याच्याबरोबर एक काळं वर्तुळ बाहेर आलं.

आरुपेने मूठ तिथेच दाबून धरली. “सोड,” ती म्हणाली. वर्तुळ बरगड्यांमागे गेलं. “परत घे.” परत आलं. त्याला लागून आणखी दोन होती, मण्यांएवढी. मोठं मोजलं. अडीच सेंटिमीटरच्या किंचित वर. कुशीवर वळवून मोजलं, तेवढंच. बसवून मोजलं, तेवढंच. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, मोजणं तरी चुकलं असतं तर बरं झालं असतं.

“काय गं?” नामोनीने विचारलं.

“थांब जरा.”

“तू थांब म्हणालीस की मला भीती वाटते.”

आरुपेने घोंगडी बाजूला केली. “गोळ्या घेतल्या होत्यास ना सगळ्या? ऑपरेशननंतर दिलेल्या? सकाळी एक, संध्याकाळी एक, चरबीच्या तुकड्याबरोबर?”

“संपल्या,” नामोनी म्हणाली. “एक उरली नाही.”

“एकही चुकवली नाहीस?”

“माझा संशय येतो का तुला? संपल्या म्हटलं ना.”

वस्तीमागच्या खडकावर चढलं की फोनला रेंज मिळते, हे तिथल्या शेळ्यांनाही माहीत आहे. आरुपे धापा टाकत चढली. डॉक्टर मुतुआंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गोळ्या पूर्ण झाल्या होत्या?”

“हो म्हणते.”

“मग वाईट आहे. गोळ्या न घेता उगवलं असतं तर मी म्हटलं असतं, गोळ्या द्या, लहान आहे, विरेल. पण तीन महिने गोळ्या खाऊनही उगवत असेल, तर गोळीवर विसंबता येत नाही. जागाही वाईट आहे, अगदी वरच्या कडेला. गाढवाची लाथ बसली किंवा ओझ्यासकट पडली आणि गाठ फुटली, तर तासाभरात बाई जाईल. गाडीत घालून आणा. सोमवारी कापतो. इथे येईपर्यंत थांबू नका, गोळ्या आजच सुरू करा.”

खडकावरून उतरताना आरुपेच्या मनात एकच हिशेब चालला होता. पाच महिने, सहा महिने. गाढवं, ओझी, डोंगराची चढण. ही बाई उद्या पहाटे निघाली तर परत दिसेलच याची खात्री नाही.

तिने सरळ सांगून टाकलं. गोड करून सांगायला तिला येतच नसे.

लोपेयोक उठून उभा राहिला. “परत कापणार? एकदा कापून समाधान झालं नाही? आतडं म्हणतं बरी आहे.”

“आतडं बोकडाचं होतं, दादा. मी हिचं बघितलं.”

“बोकडाच्या आतड्याला बॅटरी तरी लागत नाही.” कुणी हसलं नाही. “मागच्या वेळी तीन आठवडे ठेवून घेतली होती तुम्ही. तान्ही पोर आईला विसरली. परत आली तर पोर हिच्याकडे बघून रडायची आणि कुत्रीला बिलगायची. दुसऱ्यांदा नाही.”

“आणि वाटेत फुटली तर? पोर तेव्हा कुणाकडे बघून रडणार?”

“ए, अभद्र बोलू नकोस माझ्या दारात!” म्हातारी कडाडली. “तंबाखू देतेस म्हणून तोंडाला येईल ते बोलशील?”

“मी नाही येणार,” नामोनी म्हणाली. तिने माळा नीट केल्या आणि अपुआला मांडीवर ओढलं. तिचा आवाज शांत होता, त्यामुळे आरुपेला जास्तच धडकी भरली. आरडाओरडा करणाऱ्या बाईला समजावता येतं. ठरवून बसलेल्या बाईपुढे काही चालत नाही.

“नामोनी, बाई, ऐक—”

“ऐकलं तुझं. मागच्या खेपेलाही ऐकलं, कापून घेतलं. तू सांगितलंस ते सगळं केलं मी. सगळं. तरी परत उगवलं म्हणतेस. मग तुझं ऐकून काय मिळालं मला?”

एपेम गाडीपाशी उभा होता, पण या खेपेला त्याने दार आपटलं नाही. आरुपेने पिशवीत हात घातला. निदान गोळ्या तरी सुरू करू, बाकीचं औषध पोटात गेल्यावर बघू, असा विचार करून तिने नवी डबी काढली. झाकण घट्ट होतं. तिने ते सैल करायला डबी हातावर आपटली. गोळ्या खुळखुळल्या.

मोडलेल्या झोपडीच्या सावलीतून नाक्वांग उठली. नाक्वांग म्हणजे पांढरी, या घरची कुत्री, अपुआची दाई. ती धावत आली, माणसांमधून वाट काढत थेट नामोनीसमोर जाऊन बसली, मान वर केली आणि तोंड उघडलं. भुंकली नाही, कुईकुई केलं नाही. रोजचं काम असावं तशी ती तोंड उघडं ठेवून बसून राहिली.

आरुपेने डबी परत एकदा हलवली. कुत्रीची शेपूट मातीवर आपटू लागली.

नामोनीने कुत्रीकडे बघितलं, मग खाली.

“संपल्या म्हणालीस,” आरुपे म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना.

“संपल्याच. गेल्या अमावास्येला शेवटची दिली. अर्ध्या अर्ध्या करून पुरवल्या.”

“कुत्रीला?”

“मग कुणाला?” नामोनी एकदम उसळली. “तूच म्हणाली होतीस ना? ऑपरेशनच्या आधी, याच झाडाखाली, सगळ्यांना बसवून? ‘रोग कुत्रीत आहे. कुत्री आजारी आहे, ती तुम्हाला देते. कुत्री साफ करा, मुलं वाचतील.’ असं बोट दाखवून म्हणाली होतीस हिच्याकडे. कुत्र्यांना गोळ्या देणारी माणसं येतील म्हणालीस. वर्ष झालं, आली का? माझा रोग तर डॉक्टरने काढून बादलीत ठेवला होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला. बादलीत आलेल्या रोगासाठी मी गोळ्या खात बसू? आणि ही रोज माझ्या पोरीला चाटते, हिला काहीच नको? चरबीसुद्धा दिली मी. माझ्या वाटणीची.”

आरुपेने डबी खाली ठेवली. तिला राग यायला हवा होता, पण येईना. कारण नामोनीने सांगितलेला शब्दन् शब्द तिचाच होता. ती ते भाषण सोळा वर्षं करत आली होती, तेच बोट, तोच आवाज. लोकांनी मान डोलावली की तिला वाटायचं, समजलं. समजलंच होतं. तिने सांगितलं त्याहून जरा जास्तच समजलं होतं.

“ही गोळी माणसातल्या गाठीची आहे, बये,” ती शेवटी म्हणाली. खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता. “कुत्र्याच्या किड्याची वेगळी असते. या गोळीचा त्या किड्यावर भरवसा नाही.”

नामोनीचा चेहरा आरुपेला बघवेना. “म्हणजे फुकट गेल्या?”

“मला नाही माहीत.”

नामोनीने अपुआला उचललं, कातड्यावर आडवं केलं आणि तिच्या पोटावरची चिंधी बाजूला केली. “माझं राहू दे. आधी हिचं बघ.”

अपुआने भोकाड पसरलं. लोपेयोकने, जो मघापासून आकाशाकडे बघत होता, खाली वाकून पोरीचे दोन्ही पाय धरले. आरुपेने घोंगडी ओढली. मुलाचं लिव्हर बघणं सोपं नाही, ते रडतं, श्वास धरत नाही, सगळं हलत राहतं. बॅटरीची एकच दांडी उरली होती. आरुपेने उजवी बाजू बघितली, डावी बघितली, पोर हुंदका द्यायला श्वास घेई तेवढ्यात बरगड्यांखाली बघितलं. काही नाही. परत सुरुवातीपासून. काही नाही. बाहेर म्हातारी काहीतरी पुटपुटत होती. आरुपेच्या मानेवरून घाम वाहत होता.

“सांग की!” नामोनी ओरडली.

“तिसऱ्यांदा बघू दे.”

आणि गंमत बघा, आजवर ज्या ‘तिसऱ्यांदा’ला सगळी वस्ती नाकं मुरडायची, त्यावर या वेळी कुणी चकार शब्द काढला नाही.

“आज तरी काही नाही,” आरुपेने घोंगडीतून डोकं बाहेर काढलं. “लिव्हर साफ आहे. पण एवढ्या लहानपणी गाठ असली तरी दिसतेच असं नाही. वर्षाने परत बघावं लागेल. मी खोटा दिलासा देणार नाही.”

एवढं नामोनीने ऐकलंच नसावं. तिने पोरीच्या पोटावर तोंड ठेवलं आणि जेलसकट मुका घेतला. “लागू पडल्या,” ती म्हणत होती. “लागू पडल्या.”

आरुपे परत खडकावर चढली. सगळं ऐकून डॉक्टर मुतुआ म्हणाले, “कुत्रीला? सगळ्या?” आणि मग, “मग कापायची घाई नको. सहा महिने गोळ्या, पण समोर बसून गिळलेल्या. दर महिन्याला रक्त, दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी. ओझं उचलायचं नाही. डोंगरात गेली तर यातलं काही होणार नाही.”

आरुपेने खाली येऊन हे सांगितलं, आणि हा शेवटचा काटा लोपेयोकने काढला. तो परत बैठकीवर बसला, बराच वेळ काठीने मातीत रेघा ओढत राहिला, आणि म्हणाला, “उंट आणि गाई मी नेतो. दुभत्या शेळ्या इथेच ठेवतो, नदीकाठी. आई राहील, ही राहील. कळप असा वाटून आम्ही नेहमीच नेतो, त्यात काय.” मग आरुपेकडे न बघता, “आतडं म्हणालं रस्ता मोकळा आहे. कुणाचा, ते म्हणालं नव्हतं.”

“आणि गोळ्या मी भरवीन,” म्हातारी म्हणाली. “गिळल्याशिवाय उठू देणार नाही. फक्त तंबाखू येत राहू दे.”

आरुपेने पहिली गोळी स्वतः नामोनीच्या हातावर ठेवली. नामोनीने चरबीच्या तुकड्याबरोबर ती गिळली. “तोंड उघड,” आरुपे म्हणाली. नामोनीने उघडलं. शेजारी नाक्वांगनेही उघडलं. कुत्र्यांच्या गोळ्यांचं पाकीट गेल्या महिन्यापासून गाडीत येऊ लागलं होतं. एपेमने त्यातली एक काढून नाक्वांगच्या घशात टाकली, आणि सगळे पोट धरून हसले. आरुपेला हसता आलं नाही.

गाडीत बसल्यावर तिने यादी काढली. गेल्या दोन वर्षांत ऑपरेशन झालेली अकरा नावं. अकरा वस्त्या. प्रत्येकीत एक झाड, आणि त्या झाडाखाली तिचं तेच भाषण. एका कार्डावर ‘गोळ्या पूर्ण’, दुसऱ्या कार्डावर ‘गोळ्या पूर्ण’. अक्षर तिचंच.

दुपारी चारला ते पुढच्या वस्तीवर पोचले. बायका नेहमीप्रमाणे गाडीभोवती जमल्या, तंबाखूसाठी हात पुढे आले. आरुपेने कुणाची विचारपूस केली नाही, मशीन काढलं नाही, झाडाखाली कुणाला बसवलं नाही. ती नुसती खाली उतरली, पिशवीतून गोळ्यांची डबी काढली आणि डोक्यावर धरून खुळखुळवली.

“हे काय गं नवीन?” कुणीतरी विचारलं.

“थांब जरा,” ती म्हणाली.

सावलीत पाच-सहा कुत्री पडली होती. त्यांनी कान टवकारले आणि परत माना टाकल्या. आरुपेने श्वास सोडला. मग सवयीने दुसऱ्यांदा डबी हलवली, आणि तिसऱ्यांदा.

शेवटच्या झोपडीमागून एक काळा कुत्रा उठला आणि शेपूट हलवत निघाला.